थांबायचं कुठवर, हात घालायचा कधी?

(सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये उभी नोकरी केलेल्या निवृत्त परिचारिका या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी २९ वर्षांची, पहिलटकरीण. ३१वा आठवडा चालू आहे, चिंचवडला राहते. ब्लडप्रेशर, साखर, सोनोग्राफी सगळं ठीक आहे, हिमोग्लोबिन १०.४. माझ्या आजीची सात बाळंतपणं खटाव तालुक्यात घरीच झाली, सुईण बोलावून. मागच्या वर्षी माझ्या सख्ख्या बहिणीचं सिझर झालं. कळा नसताना भरती करून सलाईन लावलं, रात्रभर टेबलावर झोपवून ठेवलं आणि सकाळी ‘बाळ खाली सरकत नाही’ म्हणून आत नेलं. बाळ तिला नीट बघायला मिळालं ते दुसऱ्या दिवशी. अजून ते सांगताना ती रडते. मला तसं नको आहे. घरी पाण्याच्या टबात बाळंत होणाऱ्या बायकांचे व्हिडिओ मी बघते आणि वाटतं, इतक्या शांतपणे का होऊ नये? माझ्या डॉक्टर चांगल्या आहेत, पण ‘३९व्या आठवड्यात कळा सुरू करून घेऊ’ असं सहज बोलून गेल्या. नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतील तसं. सासूबाई म्हणतात, सरळ सिझर करून मोकळी हो. घर आणि ऑपरेशन यांच्या मध्ये काही आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस.

मधली वाट आहे, आणि ती रुग्णालयाच्या दारातूनच जाते. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बऱ्याच ठिकाणी तुझी बाजू घेणार आहे आणि त्यातून ‘घरीच बरं’ असा अर्थ तू काढू नयेस.

नोकरीच्या सुरुवातीला मी डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात होते. घरी बाळंत झालेल्या बायका जीपमध्ये घालून आणायचे. त्यांतल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण अगदी सुरेख झालेलं असायचं. बाळ रडलेलं, सुईणीनं पुसून गुंडाळलेलं. फक्त वार (नाळेचं आतलं टोक जिला जोडलेलं असतं ती) आत अडकलेली, नाहीतर गर्भपिशवी सैल पडून रक्त थांबत नसलेलं. दिवस भरत आले की गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जात असतं. बाळ आणि वार बाहेर आल्यावर पिशवी कडक आवळली तर ते थांबतं. नाही आवळली, तर गाडी मिळेपर्यंत बाई हाती लागत नाही. आणि कुणाची पिशवी आवळणार नाही, हे आधी खात्रीनं ओळखता येत नाही. ज्यांच्या कार्डावर धोक्याची एक खूण नव्हती, अशाही बायका मी पांढऱ्याफटक पडताना पाहिल्या आहेत. त्यात तुझं हिमोग्लोबिन १०.४. ११च्या खाली म्हणजे रक्त कमीच.

आजीजवळ निवांत बसून विचार, सातांतली किती मुलं वर्षाची झाली, आणि तिच्या वाडीत बाळंतपणात गेलेल्या बायका कोण कोण. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या आठवून आठवून नावं सांगतात. मी सुईणींना बोल लावत नाही. कळ आली की कमरेवर तळहात नेमका कुठे दाबायचा, बाईला उकिडवं कधी बसवायचं, आपण गप्प कधी राहायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्याजवळ नव्हतं ते बाटलीतलं रक्त, ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळणारं औषध) आणि जवळचं ऑपरेशन थिएटर. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ इतके खाली आले, देशाचा आकडा ९७ होता. या तीन गोष्टी गावांच्या जवळ आल्या, त्याचा यात मोठा वाटा आहे.

तू बघतेस ते व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतील. इंग्लंडमध्ये घरचं बाळंतपण सरकारी आरोग्यसेवेचाच भाग आहे. मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई, घरी येते, औषधं बरोबर आणते, रुग्णालयाशी संपर्क ठरलेला असतो. तरी २०११ साली तिथे प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. बाळाला गंभीर इजा होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं, रुग्णालयात हजारी ५.३ तर घरी ९.३. आधी एक बाळंतपण सुखरूप झालेल्यांत असा फरक दिसला नाही. पण तू पहिलटकरीण आहेस. आपल्याकडे तर घरी येणारी तशी व्यवस्थाच नाही. मिडवाइफ घडवण्याचं धोरण केंद्र सरकारनं २०१८ मध्ये आणलं, १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठेवलं, पण त्यांनी काम करायचं ते रुग्णालयात. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं हे काम मनापासून केलं आहे. आपल्या गावोगावच्या रुग्णालयांत अशा मिडवाइफ दिसतील तो दिवस मला बघायचा आहे.

आता तुझ्या बहिणीचं. तिचं रडणं खरं आहे, ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं’ असं म्हणून तिला कुणी गप्प करू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याची नोंद आहे, सरकारी ठिकाणी १४.३ टक्के. खासगीत येणाऱ्या बायका काही तिपटीनं अवघड नसतात. उलट अडलेली बाई रात्री-अपरात्री आमच्याकडे सरकारी दारात पाठवली जायची. सगळं पैशासाठी होतं असं म्हणणं मला पटत नाही. एकट्या डॉक्टरचं नर्सिंग होम असतं, भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, रात्री दोनला येईल की नाही याची शाश्वती नाही. काही वाईट झालं तर नातेवाईक तोडफोड करतील ही धास्ती. ‘आणखी किती वेळ लागणार’ म्हणून बाहेरून दर तासाला येणारा निरोप. या सगळ्यात बाईजवळ नुसतं बसून राहणारं माणूस कुणी उरत नाही. आणि ते माणूस नसलं की त्याच्या जागी सलाईन येतं.

लेबर रूमच्या फ्रिजमध्ये ऑक्सिटोसिनच्या छोट्या कुप्या असतात. कळा मंदावल्या तर ते औषध सलाईनमधून, थेंब मोजत, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. थेंब घाईनं वाढवले की कळेवर कळ चढते, दोन कळांमध्ये बाळाला मिळणारी उसंत जाते, ठोके पडतात. मग जे सिझर होतं ते त्या घडीला खरोखरच गरजेचं असतं, पण ती घडी आपण आणलेली असते. बाळ व्हायच्या आधी हेच औषध दंडात किंवा मांडीत टोचणं तर कधीच करायचं नाही, गर्भपिशवी फाटू शकते. घरी बोलावलेल्या माणसांनी ते टोचून मग आमच्याकडे धाडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि बाळ बाहेर आल्याबरोबर त्याच औषधाची १० युनिट मांडीत दिली, की रक्तस्राव आवरतो आणि आई वाचते. म्हणून ‘मला नैसर्गिक हवं, औषध नको’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठलं औषध आणि कधी? तुझं बाळंतपण कितीही शांतपणे पार पडलं तरी बाळ झाल्यावरचं ते इंजेक्शन मात्र घेच.

३९व्या आठवड्यात कळा सुरू करणं मुळात चूक नाही. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३९व्या आठवड्यात कळा सुरू केलेल्यांत सिझर १८.६ टक्के झाली आणि वाट पाहिलेल्यांत २२.२, म्हणजे कळा सुरू केलेल्यांत थोडी कमीच. पण तिथे कळा सुरू केल्यावर पुरेसा वेळ दिला होता. पिशवीचं तोंड घट्ट असताना सकाळी सुरुवात करायची आणि संध्याकाळी निकाल मागायचा, याला तो अभ्यास आधार देत नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार, ‘माझ्या बाबतीत कारण काय?’ प्रेशर वाढलं, साखर वाढली, बाळाची वाढ खुंटली, पाणी कमी झालं, असं काही असेल तर मान्य कर, एक दिवस लांबवू नकोस. कारण काहीच नसेल तर तपासण्या करत थांबता येतं. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करा म्हणते. तुझ्या डॉक्टर चांगल्या आहेत असं तू लिहिलंस. चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न खुपत नाही.

बहिणीसारखं होऊ नये यासाठी तुझ्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फार लवकर भरती न होणं. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत खूप तास जातात, कधी दिवसही जातो. ते तास घरात काढ. चाल, कोमट पाण्यानं अंघोळ कर, झोप लागली तर झोप, पेज पी. कळा पाचेक मिनिटांनी येऊ लागल्या, मिनिटभर टिकू लागल्या आणि तासभर तसंच चाललं की निघ. चिंचवडची रहदारी आणि वेळ बघून थोडं आधी. मात्र रक्त गेलं, पाणी फुटलं (ते हिरवट असेल तर धावतच), बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला किंवा ३७ आठवड्यांआधीच कळा लागल्या, तर कळा मोजत बसू नकोस. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली सोडून दिला. आईची नाडी-प्रेशर ठीक आहे, बाळाचे ठोके ठीक आहेत, बाळ हळूहळू का होईना खाली सरकतंय, तोवर थांबायचं. यांतलं एक बिघडलं की थांबायचं नाही. मी लेबर रूममध्ये जन्म काढला तो एवढ्याच एका नियमावर.

३४व्या-३५व्या आठवड्यात नवऱ्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे फक्त बोलण्यासाठी वेळ माग. कळांमध्ये बोलणं होत नाही. पहिला प्रश्न, रात्री थिएटर चालू होतं का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून आणतात. ही उत्तरं पोकळ वाटली तर बाकी सगळं कितीही गोड असलं तरी दुसरं ठिकाण बघ. मग विचार, मला चालू-फिरू देणार का, घोट-घोट सरबत, थोडी पेज घेता येईल का, कुशीवर किंवा उकिडवी बसून बाळंत होता येईल का. एनिमा आणि केस काढणं याची सरसकट गरज नसते. पहिलटकरीण आहे म्हणून खाली काप घ्यायलाच हवा असंही नाही. बाळाचे ठोके पडले आणि लवकर बाहेर काढायचं असलं तर तो घ्यावा लागतो, तेव्हा घेऊ दे. पोटावर वरून जोर देऊन बाळ ढकलायला मात्र स्पष्ट नकार दे. तो प्रकार मी बंद करायला लावला तेव्हा लोक माझ्यावर रागावले होते, पण तो धोक्याचाच आहे. ठोके दर अर्ध्या तासानं आणि जोर देताना दर पाच मिनिटांनी हातातल्या डॉप्लरनं (ठोके ऐकायच्या छोट्या यंत्रानं) ऐकले तर सगळं ठीक असलेल्या बाईला पट्टे बांधून पडून राहावं लागत नाही. तेवढं ऐकायला माणूस आहे का, एवढं बघ.

नाळ मिनिटभर तरी थांबून कापायची, बाळाला त्यातून रक्त आणि लोह मिळतं. बाळ लगेच छातीवर, उघड्या अंगाला अंग. आणि हे सिझर झालं तरी होतं! आई शुद्धीवर असते, बाळ रडत असतं, मग गालाला गाल लावायला आणि तासाभरात पाजायला काय हरकत? तुझ्या बहिणीकडून हेच हिरावलं गेलं. सिझर टाळता येईलच असं वचन मी तुला देऊ शकत नाही, पण ही मागणी आधीच नोंदवून ठेव.

आणि आजपासूनचं काम : लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. महिन्याभरानं हिमोग्लोबिन पुन्हा तपास. वाढलं नाही तर शिरेतून लोह देता येतं, त्याबद्दल डॉक्टरांशी बोल. पाण्याच्या टबापेक्षा याचा उपयोग तुला जास्त होईल.

प्रश्न : माझी सून पाठीत इंजेक्शन घेऊन कळा बंद करायचं म्हणते. कळा सोसल्याशिवाय आईपण कसं कळणार? आम्ही नाही का सोसल्या? याने पुढे सिझरच होतं असंही ऐकलं.
— एक सासूबाई, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही सोसलंत, कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं. ते सोसणं लहान नाही. पण सुनेनं तेवढंच सोसावं असा हिशेब लावू नका. बारा-चौदा तास कळा देऊन थकलेली, थरथरणारी बाई मी त्या इंजेक्शननंतर दोन तास शांत झोपलेली आणि मग जोर लावून सुखरूप बाळंत झालेली पाहिली आहे. या पाठीतल्या इंजेक्शननं, म्हणजे एपिड्युरलनं, सिझरचं प्रमाण वाढत नाही, हे जगभरातल्या अभ्यासांतून दिसलं आहे. जोर द्यायचा टप्पा थोडा लांबू शकतो, प्रेशर उतरू शकतं, म्हणून भूलतज्ज्ञ हजर हवा आणि लक्ष ठेवणारं माणूस हवं. तिला आधीच ठरवायचीही गरज नाही. कळा सुरू झाल्यावर झेपलं तर झेपलं, नाही तर मागेल.

तुम्ही वेगळं काम करा. तिच्याजवळ राहा. बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीचं माणूस असावं असं केंद्र सरकारनं सरकारी रुग्णालयांसाठी २०१६ मध्येच सांगितलं आहे. सोबत सतत कुणी असलं तर सिझर कमी होतात, हेही अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कंबर चोळा, घोटभर पाणी द्या, ‘झालं, होत आलं’ एवढंच बोला. आपल्या वेळच्या गोष्टी तेव्हा नकोत. आणि तिला नवराच आत हवा असेल तर मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : पहिल्या वेळी बाळ पायाळू म्हणून सिझर झालं, त्याला तीन वर्षं झाली. आता २०वा आठवडा आहे. आमच्या डॉक्टरांनी ‘एकदा सिझर म्हणजे सिझरच’ असं सांगून टाकलं. खालून होऊच शकत नाही का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : होऊ शकतं. तुमचं तर चांगलं जमण्यासारखं आहे. बाळ अडलं म्हणून नाही, पायाळू होतं म्हणून सिझर झालं, मध्ये तीन वर्षं गेली, आणि या खेपेला बाळाचं डोकं खाली असलं तर प्रयत्न करायला हरकत नसावी. असा प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी साधारण ६० ते ८० टक्के खालून बाळंत होतात. पण पिशवीवरचा जुना टाका उसवायची भीती असते, साधारण दोनशेत एकीला, आणि तसं झालं तर काही मिनिटांत ऑपरेशन लागतं. म्हणून ठिकाण असं हवं, जिथे भूलतज्ज्ञ, रक्त आणि थिएटर चोवीस तास आहे. तुमच्या डॉक्टरांकडे रात्री भूलतज्ज्ञ नसेल तर त्यांचं ‘नाही’ प्रामाणिक आहे, त्यावर रागावू नका. सिंधुदुर्गातली माणसं अवघड वेळी गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात. कणकवलीहून ते अंतर कळा लागल्यावर कापायचं नसतं. तिकडे विचारायचं ठरवलंत तर आत्ताच जाऊन या, आणि ते तयार असतील तर शेवटचे आठवडे जवळपास कुठे राहता येईल ते बघून ठेवा.

तुमच्या बाबतीत मी बाळाचे ठोके सतत टिपणाऱ्या मशीनला नाही म्हणणार नाही. कळा सुरू असताना ठोक्यांची पट्टी सतत चालू राहू द्या, टाक्याचा त्रास बहुधा आधी बाळाच्या ठोक्यांत दिसतो. कळा आपोआप सुरू होऊ द्याव्यात. पिशवीवर जुना टाका असताना कळांसाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी घ्यायची नसते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. आणि मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. काप आडवा, पिशवीच्या खालच्या भागावर होता की उभा, हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि निर्णय त्यावरच ठरतो. पोटावरची खूण बघून ते कळत नाही. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे अर्ज देऊन नोंद मागा. जुने कागद मिळायला वेळ लागतो, तेव्हा याच आठवड्यात जा.